मधुमेहींच्या जगण्यातला फरक मोजायचा कसा: सोलापुरातल्या छोट्या दवाखान्यांसाठी आणि गटांसाठी

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका मावशींच्या ओट्यावर मी बसले होते. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी मापात कापलेली तेंदूची पानं. रिपोर्ट माझ्या हातात होता. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.४ वरून ७.२ वर आलं होतं. मी खुशीत म्हटलं, "मावशी, फार छान झालंय." हातातली विडी वळून होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छान काय ताई, रात्री झोपच येत नाही. इन्सुलिन घेतलं की भ्या वाटतं, झोपेतच शुगर उतरली तर? उशाखाली साखरेची पुडी घेऊन निजते मी." पूर्वी संध्याकाळपर्यंत त्यांच्या हजार विड्या व्हायच्या, आता सातशेच्या पुढे हात जात नव्हता.

माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे "सुधारणा" असं लिहिलेलं होतं. मला त्याहून जास्त लागली ती वेगळी गोष्ट. झोप इन्सुलिन सुरू झाल्यावर उडाली की आधीपासूनच उडालेली होती, हे सांगायला माझ्याकडे आधीचं काहीच टिपलेलं नव्हतं. शुगरचे आकडे दोन वर्षांचे होते, माणसाचा एकही नव्हता.

तेव्हापासून आमच्या गटात आम्ही दोन्ही मोजतो. पूर्व भागातल्या एका छोट्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मधुमेहींची बैठक भरते, तिथं हे काम चालतं. असं काम सुरू करू पाहणारा दवाखाना, आरोग्यसेविका, मंडळ किंवा प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहिते आहे. मोठा खर्च लागत नाही, पण क्रम चुकला तर सहा महिन्यांची मेहनत वाया जाते.

आधी एक प्रश्न कागदावर

"जीवनमान मोजायचंय" एवढ्यानं भागत नाही. कुणाचं, कशामुळे बदलेल असं वाटतं आणि किती दिवसांत, हे एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं होतं: "दर महिन्याच्या बैठकीला येणाऱ्या, पाय तपासून घेणाऱ्या आणि आहाराचा सल्ला घेणाऱ्या मधुमेहींना सहा महिन्यांनी आपलं जगणं आधीपेक्षा बरं वाटतं का?"

यातला "वाटतं" हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनमानाची जी व्याख्या केली आहे तिचा गाभाही हाच: माणूस ज्या संस्कृतीत राहतो तिथं, स्वतःच्या अपेक्षा, काळज्या आणि मूल्यं धरून, त्याला आपलं जगणं कसं वाटतं. म्हणून हे उत्तर डॉक्टरांनी भरायचं नाही, मुलानं नाही, सुनेनं नाही. ज्याचं जगणं आहे त्यानंच द्यायचं.

प्रश्नावली निवडताना

स्वतःच वीस प्रश्न तयार करण्याचा मोह होतो. तो टाळा. तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या आहेत, त्यातली परवडेल ती घ्या.

सुरुवात करणाऱ्याला मी डब्ल्यूएचओ-५ सुचवते. १९९८ पासून वापरात आहे आणि मोफत वापरता येते. फक्त पाच विधानं: मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात हुशारी होती का, सकाळी ताजंतवानं उठलात का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. सगळं मागच्या दोन आठवड्यांपुरतं. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज जास्तीत जास्त २५, ती ४ ने गुणली की १०० ची पट्टी तयार. गुण जितके जास्त तितकं बरं.

पण यात मधुमेहाचा उल्लेखही नाही. घरातल्या भांडणानं मन खट्टू असेल तर तेही गुणांत उतरतं. म्हणून सोबत शुगरच्याच जाचाबद्दल विचारणारं काहीतरी हवं. त्यासाठी १९९५ साली तयार झालेली पेड नावाची प्रश्नावली आहे. वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरीज १.२५ ने गुणली की पुन्हा १०० ची पट्टी. इथं गुण जास्त म्हणजे जाच जास्त, आणि ४० किंवा त्याहून जास्त गुण आलेल्या माणसाकडे तातडीनं बघायचं. वीस प्रश्न जड वाटले तर पाच प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, तिच्यात २० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की थांबून बोलायचं. दोन प्रश्नावल्यांची दिशा उलटी आहे हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे एकदा पेडचे वाढलेले गुण "सुधारणा" म्हणून मांडले गेले होते.

भारतातल्या मधुमेहींसाठी २०१० साली एक खास प्रश्नावली तयार झाली, क्वॉलिड. तिच्यात ३४ प्रश्न आणि आठ विभाग आहेत. पैशाची काळजी आणि जेवणाचं समाधान हे दोन विभाग तिच्यात आहेत म्हणून मला ती जवळची वाटते. औषध परवडत नाही आणि पंगतीत ताट वेगळं वाढलं जातं, ही आपल्याकडची खरी दुखणी आहेत. वेळ आणि माणसं असतील तर जरूर वापरा. ईक्यू-५डी ही प्रश्नावली चालणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता एवढंच विचारते. खर्चाच्या अभ्यासाला ती उपयोगी, पण वापरण्याआधी तिच्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. कुठलीही प्रश्नावली घ्या, परवानगीची अट आधी वाचा आणि मराठीतलं अधिकृत भाषांतर मिळतं का ते विचारा. मिळालं तर त्यातला शब्दही हलवू नका.

सोलापूरची भाषा एक नाही

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या सर्वात जास्त चुका इथंच झाल्या.

आपल्या शहरात पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कितीतरी वस्त्यांत उर्दू. सगळ्यांना मराठी समजतं, बाजारापुरतं, दवाखान्यापुरतं. पण "मन रमलं का" हा प्रश्न माणूस आईच्या भाषेतच तोलतो. अधिकृत भाषांतर नसेल तर दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, ते जुळवावं, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते पुन्हा मूळ भाषेत उलटवावं, म्हणजे अर्थ हलला का ते कळतं. त्यानंतर पाच-सहा माणसांना विचारून बघावं आणि उत्तर मिळाल्यावर पुढे म्हणावं, "मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?"

या शेवटच्या प्रश्नानं आमचे डोळे उघडले. "ताण येतो का" असं विचारलं तर एक आजोबा पिंढरीवर हात ठेवून म्हणाले, "येतो की, चालताना." मनाचा ताण असं त्यांना सुचलंच नव्हतं. "टेन्शन" म्हटल्यावर लगेच कळलं. "उदास" शब्दाला बायका मान हलवायच्या. "कशात जीव लागत नाही, असं होतं का?" म्हटलं की बोलायला लागायच्या.

"दोन आठवडे" हाही शब्द हवेत राहतो. आम्ही मंगळवार बाजाराची खूण धरली: "मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत." आणि ० ते ५ साठी काडेपेटीतल्या पाच काड्या पुढ्यात ठेवतो. सगळा वेळ असं वाटलं तर पाचही काड्या उचला, कधीच नाही वाटलं तर एकही नको. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना हे जमतं, आणि ज्यांना आहे त्यांनाही काड्याच आवडतात. फक्त एक नियम पाळा: पहिल्या फेरीत जी खूण, जे शब्द, ज्या काड्या, त्याच शेवटपर्यंत. मधेच शब्द सुधारलात तर फरक माणसात पडला की प्रश्नात, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पहिली फेरी, काम सुरू होण्याआधी

पहिली फेरी सल्ला द्यायच्या आधी घ्यायची. एक बैठक झाल्यावर नाही.

कधी विचारावं? सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला माणूस भुकेला असतो, त्याचं लक्ष चहाकडे असतं. तेव्हा विचारू नका. पण उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर तो नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायला थांबलेला असतोच. पोट भरलेलं, हातात वेळ, घाई नाही. आमच्या सगळ्या चांगल्या मुलाखती त्या दोन तासांत झाल्या.

कुणी विचारावं? औषध लिहून देणाऱ्यानं किंवा सल्ला देणाऱ्यानं नको. ज्यानं उपकार केले त्याच्या तोंडावर "मला बरं वाटत नाही" म्हणायला आपली माणसं संकोचतात. वेगळी व्यक्ती हवी आणि शक्यतो दर फेरीला तीच.

आणि एकटं विचारावं. एकदा घरी जाऊन विचारत होते. प्रश्न होता मन शांत होतं का, त्याबद्दल. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत सून आतून म्हणाली, "त्यांना कसलं टेन्शन, सगळं आम्हीच करतो." सासूबाईंनी पाच काड्या उचलल्या. सून पाणी भरायला गेल्यावर त्यांनी त्यातल्या तीन परत ठेवल्या.

विचारण्याआधी सांगायचं: हे कशासाठी आहे, उत्तर दिलं नाही तरी औषध थांबणार नाही, नाव कुठं जाणार नाही. होकार लिहून घ्या. वहीत नावाऐवजी क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात. हे काम पुढं छापायचं असेल किंवा पदवीच्या प्रकल्पात घालायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी सुरुवातीलाच घ्यावी लागते, नंतर मिळत नाही.

गुणांशेजारी आम्ही एवढ्या गोष्टी लिहितो: एचबीए१सी, वजन, रक्तदाब, गोळ्या की इन्सुलिन, महिन्याभरात शुगर ७० च्या खाली किती वेळा गेली, पायाला जखम आहे का, औषधाला महिन्याला किती पैसे जातात. शेवटी एक मोकळा रकाना, "घरात काय झालं?" मृत्यू, लग्न, कर्ज, काम सुटणं, पाणी. हो, पाणीसुद्धा. नळाची पाळी काही दिवसांनी येते, आणि ती रात्री-पहाटे आली की बाईमाणूस जागंच असतं. दुसऱ्या दिवशी "ताजंतवानं उठलात का" याचं उत्तर काय येणार? तो गुण बदलायचा नाही, तेही तिचं जगणंच आहे. फक्त रकान्यात लिहून ठेवायचं.

प्रत्येकाचा स्वतःचा एक प्रश्न

छापील प्रश्न झाले की आम्ही एक कोरं कार्ड काढतो. "शुगरमुळे तुमचं असं काय सुटलं, जे परत मिळालं तर बरं वाटेल?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि आज ते ० ते १० मध्ये कितीवर आहे ते विचारायचं.

काय काय येतं यातून! एका बाईंना गड्ड्याच्या जत्रेत नातवाबरोबर फिरायचं होतं, पाय साथ देत नव्हते. एक शेतकरी म्हणाले, हुरड्याला लोक बोलावतच नाहीत आता. कुणाला जिना चढून देवळात जायचं होतं, कुणाला घरच्यांसोबत एकाच ताटातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची होती. यातल्या काही गोष्टींना मनाई कधी नव्हतीच. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मापात खाता येते. हे ऐकूनच तो आकडा ३ वरून ७ वर जाताना मी पाहिला आहे.

या कार्डाची सरासरी काढू नका, एकाचा हुरडा आणि दुसऱ्याचा जिना यांची बेरीज होत नाही. माणसागणिक वाचायचं.

किती माणसं, पुन्हा कधी

एकेका माणसासाठी हे मोजत असाल तर संख्येचा प्रश्न नाही. गटाबद्दल ठामपणे बोलायचं असेल तर आहे. डब्ल्यूएचओ-५ च्या पट्टीवर सरासरी १० गुणांचा फरक टिपायचा आणि फरकाचं प्रमाण विचलन (माणसागणिक फरक किती कमी-जास्त होतो त्याचं माप) २० धरलं, तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय हिशेबानं दोन्ही फेऱ्यांना हजर अशी साधारण ३४ माणसं लागतात. चौघांतला एक गळतो असं धरून सुरुवात ४६ नावांनी करा.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर दाखवतं. म्हणून तीन महिने आणि सहा महिने हे टप्पे सोयीचे, रक्त आणि प्रश्न एकाच दिवशी होतात. पण तारखा ठरवताना आपलं पंचांग बघा. जानेवारीत संक्रांत आणि सिद्धेश्वराचा गड्डा. मे महिन्यात पारा ४० च्या वर, दुपारी कुणाच्याच अंगात हुशारी नसते. आषाढात पंढरीची वाट चाललेले पाय, श्रावणात उपास, आणि रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. पहिली फेरी मे मध्ये आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये घेतलीत तर निम्मी सुधारणा थंडीचीच असेल. जमलं तर वर्षभरानं त्याच महिन्यात तिसरी फेरी घ्या.

आकडे वाचताना

एक हिशेब दाखवते. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक काका. पहिल्या फेरीत पाच विधानांना २, १, २, १, ३. बेरीज ९, म्हणजे ३६ गुण. सहा महिन्यांनी ३, २, ३, ३, ३. बेरीज १४, म्हणजे ५६. फरक २०. या प्रश्नावलीत १० गुणांचा फरक दखल घेण्याजोगा धरतात, तेव्हा हा फरक मोठाच. एचबीए१सी मात्र ८.९ वरून ८.६, जेमतेम हललेलं. मग बदललं काय? चौथ्या विधानाकडे बघा, झोपेच्या, १ वरून ३. रात्री तळपायांची आग व्हायची, बैठकीत पाय तपासताना ते कळलं, डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं आणि झोप लागू लागली. शुगर अजून उतरवायची आहेच. पण नुसता रिपोर्ट बघणारा "काही फरक नाही" म्हणाला असता.

गटाचं वाचताना सरासरीवर थांबू नका. तीन ढीग करा: १० किंवा जास्त गुणांनी वर गेलेले, १० किंवा जास्त गुणांनी खाली आलेले, आणि मधले. खाली आलेल्यांची कार्डं आधी वाचा. आमच्याकडे त्या ढिगात नव्यानं इन्सुलिन सुरू झालेल्या बायका जास्त निघाल्या आणि त्यातून शुगर उतरण्याच्या भीतीवर वेगळी बैठक सुरू झाली. आल्याच नाहीत अशांचा चौथा ढीग विसरू नका. त्यांना फोन करा, घरी जा. बरं असलेला माणूसच बैठकीला येत राहतो, आणि गळालेले सोडून दिले की आपलं काम आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

दोन फसवणुकी कायम लक्षात ठेवा. पहिली: माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो त्रास कळसाला गेल्यावर. कळसावरून तो थोडा खाली येणारच, तुम्ही काही केलं नसतं तरी. म्हणून शक्य असेल तर निम्म्या लोकांना बैठकीत सहा महिन्यांनी घ्या, त्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवा आणि दोन्ही गटांचं मोजा. दोन गटांच्या तुलनेला माणसं बरीच जास्त लागतात, वरच्या हिशेबानं प्रत्येक गटात साधारण ६४. दुसरी फसवणूक म्हणजे माणसाची मोजपट्टीच सरकते. पायाचं बोट गेलेला माणूस वर्षभरानं "बरं चाललंय की" म्हणतो, कारण "बरं" याचा अर्थच त्यानं बदलून घेतलेला असतो. उलटही होतं: पायाची बधिरता गंभीर आहे हे बैठकीत कळल्यावर काळजी वाढते आणि गुण घटतात. यावर उपाय म्हणून दुसऱ्या फेरीत आजचं विचारून झाल्यावर पुढं विचारा, "सहा महिन्यांपूर्वी कसं होतं, असं आज वाटतं?" ते उत्तर जुन्या वहीतल्या गुणांशेजारी लिहा. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर पट्टी सरकली आहे असं समजा.

गुण फार कमी आले तर

मोजणाऱ्याची इथं जबाबदारी आहे. डब्ल्यूएचओ-५ चे गुण ५० किंवा कमी असतील तर त्याच दिवशी शांतपणे बोला. २८ किंवा त्याहून कमी असतील तर नैराश्याची नीट तपासणी व्हायला हवी, डॉक्टरांना सांगा. हे निदान नव्हे, दार ठोठावणं आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर माणसाला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. पुढं कुणाकडे पाठवायचं याची सोय नसेल तर पहिली फेरी थोडी लांबवा, पण ती सोय आधी करा.

गटाला सांगायचं

दुसरी फेरी झाली की महिन्याभरात सगळ्यांना बसवून आकडे वाचून दाखवा, नावं न घेता. फळ्यावर तीन ढीग काढा आणि विचारा, "हे खरं वाटतं का?" आमच्या बैठकीत मागून एक बाई म्हणाल्या, "पायाचं, झोपेचं सगळं विचारलं. शुगर तपासायच्या पट्ट्या आणि गोळ्यांना किती जातात ते लिहून घेतलं, पण त्यासाठी घरात कुणाकडे हात पसरावा लागतो ते का नाही विचारलं?" तो प्रश्न आता आमच्या वहीत आहे. जुन्या प्रश्नांत मिसळलेला नाही, शेवटी, वेगळ्या पानावर, म्हणजे आधीच्या फेऱ्यांशी तुलना बिघडत नाही.

ओट्यावरच्या त्या मावशींचंही कार्ड आहे. त्यावर लिहिलंय: "पुडी उशाखाली न ठेवता झोपणं." पहिल्यांदा २ होतं. डॉक्टरांनी इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलून दिली, शुगर उतरल्याची लक्षणं आणि तेव्हा काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना शिकवलं. गेल्या फेरीत मावशींनी ६ सांगितलं. पुडी अजून आहे, पण आता ती उशाखालून उठून ओट्याजवळच्या फडताळात गेली आहे. पुढची फेरी गड्डा उरकल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.